विंटेज आवाजाची स्टील-स्ट्रिंग गिटार निवडताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

विंटेज धाटणीची अकूस्टिक गिटार घ्यायला निघालेले बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. सनबर्स्ट रंग, उघड्या गिअरच्या खुंट्या, कासवाच्या पाठीसारखा पिकगार्ड, मुद्दाम पिवळसर केलेलं पॉलिश आधी डोळ्यांत भरतं. मग वाजवून पाहणं उरतं ते मनात आधीच झालेल्या निर्णयाला मान डोलावण्यापुरतं. सहा महिन्यांनी तक्रारी सुरू होतात: आवाज बसका आहे, वरच्या फ्रेटवर तारा दाबवत नाहीत, टॉप (पेटीची वरची, भोक असलेली फळी) फुगलाय.

जुन्या गिटारचा तो मोकळा, कोरडा, बोट लागताच उठणारा आवाज मुख्यतः हलक्या बांधणीतून येतो. टॉप पातळ, आतल्या पट्ट्या तासून बारीक केलेल्या, लॅकरचा थर अगदी झिरझिरीत, ब्रिजखालची (तारा पेटीवर जिथे अडकवतात त्या तुकड्याखालची) फळी छोटी. या हलक्या पेटीवर लाइट गेजच्या (कमी जाडीच्या) तारांचा सुमारे ७० ते ७५ किलोंचा ताण रात्रंदिवस असतो. ज्या हलकेपणामुळे आवाज येतो, त्याच हलकेपणामुळे गिटार वाकते. म्हणून आधी हा हलकेपणा शोधायचा आणि मग तो त्या गिटारला पेलतोय का, हे मोजून घ्यायचं. रंगरूप त्यानंतर.

## टप्पा १: गिटार हातात घेण्याआधीची तयारी

आधी कोणता विंटेज आवाज हवा आहे ते ठरवा, कारण विंटेज हा एकच आवाज नाही. ढोबळ हिशेब असा:

पहिलं घराणं मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या ड्रेडनॉट (मोठ्या पेटीच्या) आणि ओएम (मधल्या आकाराच्या) गिटारचं. खर्ज खोल, प्रत्येक सूर सुटा, वर घंटेसारखी चमक. दुसरं घराणं गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या उतरत्या खांद्यांच्या गिटारचं. १९४२ मध्ये आलेली जे-४५ हा त्याचा नमुना. आवाज कोरडा, ठोका ठळक, सूर लवकर विरतो, त्यामुळे गाणाऱ्याच्या आवाजाला जागा मिळते. तिसरं घराणं आडव्या पट्ट्यांच्या, म्हणजे लॅडर ब्रेसिंगच्या छोट्या गिटारचं. आवाज थोडा अनुनासिक आणि थेट, जुन्या ब्लूजमध्ये ऐकू येतो तसा. ही तिन्ही घराणी ओळखू येईपर्यंत रेकॉर्डिंग ऐका, तेही हेडफोनवर.

मग वाजवायचे तीन तुकडे ठरवा, प्रत्येकी साधारण एक मिनिटाचे: एक उघड्या कॉर्डवरचं पिकने स्ट्रमिंग, एक बोटांनी वाजवलेला संथ तुकडा, आणि एक सातव्या फ्रेटच्या वरचा. प्रत्येक गिटारवर हेच तीन, याच क्रमाने. दरवेळी वेगळं काही वाजवलं तर तुलना गिटारची होत नाही, त्या दिवशीच्या हाताची होते.

सोबत घ्यायच्या वस्तू:
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली १५ सेंमीची स्टीलची पट्टी. पट्टीचा शून्य थेट कडेवर हवा.
- ६० सेंमीची सरळ धातूची पट्टी
- फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पातळ पात्यांचा संच
- क्लिप ट्यूनर आणि कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा)
- छोटा टॉर्च आणि दांड्याचा लहान आरसा, दंतवैद्याकडे असतो तसा
- तुमच्या नेहमीच्या गेजचा तारांचा नवा संच
- रेकॉर्डिंगसाठी फोन

ठरवलेल्या रकमेतला काही हिस्सा सेटअपसाठी, म्हणजे तारांची उंची आणि नेक जुळवून घेण्यासाठी, बाजूला ठेवा. नवी गिटारसुद्धा नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी), सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) आणि फ्रेटचं काम मागते. सगळी रक्कम गिटारवर संपवली की ते काम राहून जातं, आणि चांगली गिटार वर्षभर वाईट वाजत राहते.

तपासा: "मला बोटांनी वाजवायला, मधल्या आकाराची, सूर सुटे ऐकू येणारी गिटार हवी" असं एखादं वाक्य तुम्हाला लिहिता येतंय का? येत नसेल तर अजून ऐका.

## टप्पा २: आकार आणि स्केल

आवाजाचा सांगाडा इथे ठरतो. लाकडाच्या नावांआधी आकाराचा विचार करा.

खालच्या भागाची रुंदी ड्रेडनॉटमध्ये साधारण ३९७ मिमी असते, ट्रिपल-ओ आणि ओएममध्ये ३८१, डबल-ओमध्ये ३६४ च्या आसपास. जे-४५ सुमारे ४०६ मिमी, तर मोठी जम्बो ४३२ मिमीपर्यंत जाते. आकार वाढला की खर्ज वाढतो, पण मधल्या सुरांचा नेमकेपणा कमी होऊ शकतो. छोट्या पेटीत खर्ज कमी, पण हलक्या बोटालाही ती लगेच बोलते. मायक्रोफोनसमोर तर छोटी पेटी सांभाळायला बरीच सोपी.

स्केल म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत तारेची वाजणारी लांबी. लांब स्केल ६४५ मिमी, आखूड स्केल ६३२ मिमी. गिब्सनचं नावापुरतं ६२९ मिमी. फरक बोटाच्या पेराएवढाही नाही, पण त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर ६३२ मिमीवर ताण सुमारे ४ टक्क्यांनी कमी होतो. तारा मऊ लागतात, वाकवायला सोप्या जातात, आवाज थोडा गोल होतो. जोरकस स्ट्रमिंग करणाऱ्याला मात्र आखूड स्केलवर तारा फडफडताना जाणवतात. एकाच आकाराची पेटी दोन स्केलमध्ये मिळते: ओएम आणि ट्रिपल-ओ यांत पेटी जवळपास सारखी, ओएमचं स्केल लांब, बहुतेक ट्रिपल-ओचं आखूड. हा फरक माहीत नसल्याने चुकीची गिटार घरी येण्याचं प्रमाण बरंच आहे.

नेक पेटीला कोणत्या फ्रेटवर जुळतो तेही बघा. १४ फ्रेटची रचना सर्रास असते. १२ फ्रेटच्या गिटारमध्ये ब्रिज पेटीच्या रुंद भागाच्या मध्याकडे सरकतो, टॉप अधिक मोकळा हलतो आणि आवाज उबदार येतो. बदल्यात वरचे फ्रेट हाताला अवघड. बोटांनी वाजवणाऱ्यांनी १२ फ्रेटची गिटार एकदा तरी वाजवून पाहावी. फार जण ती न वाजवताच यादीतून काढतात.

नेहमीची चूक: आवाज मोठा म्हणून ड्रेडनॉट घेणं. हात हलका असेल तर ड्रेडनॉटचा टॉप पुरेसा जागाच होत नाही.

## टप्पा ३: टॉप, ब्रेसिंग आणि फिनिश

सॉलिड (थर न चिकटवलेलं, अखंड लाकूड) आहे का, हे स्वतः बघा. लेबलवर "सॉलिड टॉप" लिहिलेलं असेल तर बहुधा बॅक आणि साइड प्लायच्या (थर चिकटवलेल्या) असतात. "ऑल सॉलिड" असेल तरच सगळं सॉलिड. साउंडहोलच्या कडेवर टॉर्च मारा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली, पूर्ण जाडीत उतरताना दिसल्या तर टॉप सॉलिड. कडेवर थर दिसले, किंवा कड काळ्या रंगाने अथवा पट्टीने झाकलेली असेल, तर विचारा. बॅकसाठी एखादी ठळक खूण, गाठ किंवा रेषेचं वळण बाहेरून हेरा आणि साउंडहोलमधून त्याच जागी आत बघा. दोन्हीकडे जुळलं नाही तर प्लाय.

प्लायची गिटार वाईटच असते असं नाही. बदलत्या हवामानात ती कमी कटकट करते. पण विंटेज आवाजासाठी निदान टॉप सॉलिडच हवा.

टॉपचं लाकूड. आज सर्वाधिक दिसतो सिटका स्प्रूस. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन कारखान्यांचं मुख्य लाकूड होतं ॲडिरॉन्डॅक, म्हणजे रेड स्प्रूस. त्याचं वैशिष्ट्य असं की जोरात वाजवलं तरी आवाज फाटत नाही, अजून जोर लावायला जागा उरते. नवी असताना मात्र अशी गिटार आखडल्यासारखी वाटते आणि वाजवत राहिल्यावर मोकळी होते. हात हलका असेल तर एंगेलमन स्प्रूस किंवा सीडर लवकर बोलतो, पण त्यांची मर्यादाही लवकर येते.

सिल्की, एकसारख्या, दाट रेषा म्हणजे उत्तम टॉप, हा समज सोडा. ॲडिरॉन्डॅकच्या रेषा बऱ्याचदा रुंद आणि असमान असतात. रेषांच्या संख्येपेक्षा लाकूड कसं कापलंय ते महत्त्वाचं: तिरप्या उजेडात रेषांना आडवी जाणारी रेशमासारखी झाक दोन्ही बाजूंना दिसली, तर काप बरोबर आहे.

टॉरिफाइड टॉप म्हणजे अगदी कमी ऑक्सिजनमध्ये तापवलेलं लाकूड. त्यातली ओल आणि राळ बऱ्याच अंशी निघून जाते, रंग गडद होतो, आवाज पहिल्या दिवसापासून कोरडा आणि मोकळा येतो. नव्या गिटारमध्ये जुना आवाज हवा असेल तर हा पर्याय खरोखर उपयोगाचा आहे. लाकूड थोडं ठिसूळ होतं, त्यामुळे धक्क्यांपासून जपायला हवं.

बॅक आणि साइड. रोझवूडमध्ये खर्ज खोल आणि सुरांभोवती गुंजन. महोगनीत मूळ सूर पुढे, गुंजन कमी, मधला भाग ठाम. ब्राझीलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये आहे. कागदपत्रांशिवाय ते देशाच्या सीमेपार नेता येत नाही. मार्टिनने १९६९ च्या अखेरीस त्याऐवजी भारतीय रोझवूड, म्हणजे शिसव, वापरायला सुरुवात केली होती. आवाजासाठी शिसव पूर्ण पुरेसा आहे.

ब्रेसिंग. इथे थोडा जास्त वेळ द्या. विंटेज आवाजाचा मोठा भाग आत दडलेला असतो. आरसा आणि टॉर्च साउंडहोलमधून आत घाला आणि टॉपच्या खालच्या बाजूला बघा. दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना छेदून एक्स करतात. तीन गोष्टी टिपा.

एक, पट्ट्या स्कॅलप केल्यात का, म्हणजे मध्येच खोलगट तासल्यात का. मार्टिनने १९४४ च्या अखेरीस ही पद्धत थांबवली आणि १९७६ मध्ये एचडी-२८ वर परत आणली. स्कॅलप केलेल्या पट्ट्यांनी टॉप सैल होतो, खर्ज फुलतो. दोन, एक्सचा छेद साउंडहोलपासून किती दूर आहे. १९३० च्या दशकातल्या ड्रेडनॉटमध्ये तो साधारण २५ मिमीवर असे, म्हणून त्या रचनेला फॉरवर्ड शिफ्टेड म्हणतात. छेद पुढे सरकला की ब्रिजभोवती टॉपला हलायला जास्त जागा मिळते. तीन, पट्ट्यांची जाडी: बारीक पट्ट्या ६.३ मिमीच्या, जाड ८ मिमीच्या आसपास.

सरळ, न तासलेल्या पट्ट्या कमी दर्जाच्या नव्हेत. १९५० च्या दशकातल्या गिटारचा घट्ट, समतोल आवाज त्यांचाच आहे, आणि रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा तोच जास्त शोभतो.

सावधान: स्कॅलप्ड आणि फॉरवर्ड शिफ्टेड अशा दोन्ही गोष्टी असलेल्या टॉपवर बनवणाऱ्याने सांगितलेल्यापेक्षा जाड तारा लावू नका. मीडियम संचाचा ताण ८० किलोंच्या पुढे जातो. लॅडर ब्रेसिंगच्या जुन्या छोट्या गिटारवर तर आणखी हलक्या तारा लावा.

फिनिश. पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकर टॉपला कमी अडवतो आणि काळानुसार पिवळा पडतो. पॉलिएस्टरचा जाड थर काचेच्या आवरणासारखा असतो. ब्रिजच्या कडेला तो साचलेला दिसला, लाकडाच्या रेषा खोल पाण्यातून पाहिल्यासारख्या वाटल्या, तर थर जाड समजा. पातळ पॉलियुरेथेन मात्र चालून जातं. नायट्रोचं नाव वाचून हुरळू नका, कारण जाड मारलेलं नायट्रोही आवाज दाबतं. आतला सांधा सरसाने जोडलाय की साध्या गोंदाने, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. ऐकून ते ओळखणं जवळपास अशक्य आहे. सरसाचा खरा फायदा पुढे दुरुस्तीच्या वेळी होतो, कारण सांधा ऊब आणि ओलाव्याने स्वच्छ सुटतो.

## टप्पा ४: नेक हाताला बसतोय का

नटवरची रुंदी मोजा. ४२.९ मिमी अरुंद, ४४.५ मिमी बोटांनी वाजवणाऱ्यांना सोयीची, १२ फ्रेटच्या गिटारमध्ये ४६ ते ४७.६ मिमी. सॅडलवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर ५४ ते ५८ मिमीच्या दरम्यान असतं. उजव्या हाताला त्याचा फरक नटच्या रुंदीइतकाच जाणवतो, तरी ते कुणी मोजत नाही.

१९३० च्या दशकाच्या धाटणीचा नेक मागून व्ही आकाराचा असतो. अंगठा वरून घेणाऱ्याला तो सुखाचा, पण अंगठा मागे टेकवून बॅरे कॉर्ड धरणाऱ्याच्या तळव्यात त्याची धार रुतते. हे पाच मिनिटांत कळत नाही. सलग १५ मिनिटं वाजवा, त्यात पहिल्या फ्रेटवरचा एफ भरपूर घ्या, आणि अंगठ्याच्या मुळाशी काय होतंय त्याकडे लक्ष द्या.

नेहमीची चूक: तारा उंच आहेत म्हणून चांगली गिटार नाकारणं, आणि तारा खाली आहेत म्हणून अडचणीचा नेक स्वीकारणं. तारांची उंची बहुतेक वेळा तासाभरात सुधारता येते. नेकचा आकार सहसा बदलता येत नाही.

## टप्पा ५: मोजमाप, आणि ते याच क्रमाने

इथे क्रम चुकला की आकडे खोटे बोलतात.

१. आधी पूर्ण सुरात लावा. ए म्हणजे ४४० हर्ट्झ. दुकानात गिटारी बऱ्याचदा अर्धा-एक सूर खाली उतरलेल्या असतात; ताण कमी म्हणून नेक सरळ आणि तारा खाली दिसतात. सुरात लावल्यावर दहा मिनिटं थांबा, पुन्हा सूर तपासा, मग मोजा.

२. नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार नेक पेटीला जुळतो त्या फ्रेटवर दाबा, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट फीलर गेजने मोजा. ०.१ ते ०.२५ मिमी ठीक. जास्त असेल तर आधी ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, चावीने फिरवायच्या दांड्याने) ती दुरुस्त करून घ्या आणि मगच पुढची मापं घ्या.

३. बाराव्या फ्रेटवरची उंची. कॅपो काढा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत: सहावी तार सुमारे २.४ मिमी, पहिली सुमारे १.६ मिमी. पिकने जोरात वाजवणाऱ्याला २.८ पर्यंत चालतं.

४. सॅडल किती उरलंय. ब्रिजच्या वर सॅडल निदान ३ मिमी दिसायला हवं. बाराव्या फ्रेटवर तार १ मिमी खाली आणायची तर सॅडल २ मिमी घासावं लागतं. तार उंच आणि सॅडल आधीच घासून संपलेलं, ही जोडी दिसली की समजा नेकचा कोन बिघडलाय आणि नेक सोडवून नव्या कोनात बसवावा लागणार. ते मोठं, खर्चिक काम आहे. जुन्या गिटारच्या व्यवहारात सर्वात जास्त नुकसान इथे होतं, कारण विकण्याआधी सॅडल घासून तारा खाली आणलेल्या असतात आणि घेणारा फक्त बाराव्या फ्रेटवरचा आकडा बघून समाधान मानतो.

५. नेकचा कोन थेट बघा. ६० सेंमीची पट्टी तारांच्या मधून फ्रेटवर लांब ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकलं किंवा किंचित वर राहिलं तर कोन उत्तम. ब्रिजच्या उभ्या कडेवर आपटलं तर जेवढं खाली, तेवढी अडचण जवळ. तारांची ब्रिजसमोर टॉपपासूनची उंचीही मोजा: १२ ते १३ मिमी असावी. बरीच कमी असेल तर टॉपला पुरेशी ओढ मिळत नाही आणि आवाज दबतो.

तपासा: ब्रिजचा माथा सपाट घासून पातळ केलाय का? सॅडल उंच दिसावं म्हणून असं केलेलं असतं. ब्रिज साधारण ९ मिमी जाड असावा. ६-७ मिमीच असेल आणि रचनाच तशी नसेल, तर चौथ्या आणि पाचव्या मापावर विसंबू नका.

६. टॉपचा फुगा. खालच्या टोकाकडून टॉपच्या पातळीत डोळा नेऊन बघा. ब्रिजमागे हलका फुगवटा हवाच. पूर्ण सपाट टॉप असेल तर गिटार कोरडी पडलेली असू शकते. काळजीचं लक्षण म्हणजे ब्रिजमागे टेकडी आणि ब्रिज व साउंडहोलमध्ये खड्डा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय.

७. आतली बाजू. बोटाच्या पेराने टॉप आणि बॅक जागोजागी हलके वाजवा. खडखड किंवा पिचका आवाज आला तर पट्टी सुटलेली. आरशाने ब्रिजखालची फळी बघा: तारांचे गोळे लाकडाला सपाट टेकलेले हवेत. भोकं फाटून गोळे वर चढत असतील तर फळी झिजलीय. दुरुस्त होते, पण त्याचा हिशेब किमतीत धरा.

८. फ्रेट आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा राहतो का. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा; सहा तारा, वीस फ्रेट, दहा मिनिटांचं काम. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडा. ५ सेंटपर्यंत फरक चालतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). हे नव्या तारांवरच तपासा, कारण जुन्या तारा खोटं दाखवतात. फ्रेटची टोकं कडेला हाताला टोचत असतील तर फ्रेटबोर्ड सुकून आकसलाय. मग भेगांसाठी टॉप अधिक बारकाईने बघा.

## टप्पा ६: ऐकणं

मोजमापात टिकलेल्या गिटारीच इथे आणा, एका बैठकीत जास्तीत जास्त चार. त्यापुढे कान थकतो आणि जी जास्त चमकदार तीच चांगली वाटू लागते.

शक्य असेल तर सगळ्यांवर सारख्या तारा लावायला सांगा. ते जमत नसेल तर निदान तारा किती जुन्या आहेत ते टिपा. ८०/२० ब्रॉन्झ उजळ वाजतात, फॉस्फर ब्रॉन्झ जरा उबदार. नव्या तारांची साधी गिटार जुन्या तारांच्या उत्तम गिटारला सहज हरवते, आणि हा फसवा निकाल रोज लागतो.

सुरुवात अगदी हळू करा. चांगली हलकी पेटी कुजबुजीलाही पूर्ण सूर देते. मग हळूहळू जोर वाढवत न्या आणि आवाज मोठा होणं थांबून नुसता कर्कश कुठे होतो ते ऐका. कुजबूज आणि ती जागा यांत जितकं अंतर, तितकी गिटार तुमच्या हाताला साथ देणार.

त्यानंतर एक-एक सूर. ड्रेडनॉटच्या पेटीतल्या हवेचा अनुनाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या-चौथ्या फ्रेटजवळ. तिथला सूर थोडा फुगणं स्वाभाविक आहे. शेजारच्या सुरांच्या मानाने तो धडाम्‌कन उसळून लगेच मरत असेल, तर हा दोष सेटअपने जात नाही. पहिल्या तारेचे वरचे सूरही नीट ऐका. विंटेज आवाजाची खरी ओळख तिथे आहे: पातळ तारेतूनही जाड, गोल सूर निघतो. खर्ज बहुतेक गिटारींना साधतो. हे फार थोड्यांना साधतं.

मग गिटार दुसऱ्याच्या हातात द्या आणि समोर दोन मीटरवर उभे राहा. वाजवणाऱ्याच्या कानाला आणि समोरच्याला वेगळं ऐकू येतं. सोबत कोणी नसेल तर भिंतीकडे तोंड करून वाजवा. शेवटी फोन एक मीटरवर ठेवून तिन्ही तुकडे रेकॉर्ड करा आणि निर्णय दुसऱ्या दिवशी, गिटारची नावं झाकून, ऐकून घ्या.

सावधान: गजबजलेल्या खोलीत निर्णय घेऊ नका. गोंगाटात खर्ज आणि मधले बारकावे बुडतात, फक्त वरचे चमकदार सूर ऐकू येतात.

## टप्पा ७: खरी जुनी की जुन्या धाटणीची नवी

खरी जुनी घेत असाल तर ट्रस रॉडचा प्रश्न आधी सोडवा. मार्टिनने समायोज्य ट्रस रॉड १९८५ मध्ये आणला. त्याआधीच्या मार्टिनच्या नेकमध्ये बाक वाढला असेल तर चावी फिरवून तो जाणार नाही; फ्रेटकाम करून किंवा नेकला उष्णता देऊन सरळ करावा लागतो. गिब्सनमध्ये समायोज्य रॉड १९२० च्या दशकापासून आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काही गिटारी सोडून.

जुन्या गिटारची भेग पाहून लगेच मागे फिरू नका. आतून लाकडाच्या चकत्या लावून नीट बुजवलेली भेग आवाज बिघडवत नाही. जुन्या मार्टिनमध्ये पिकगार्ड आकसून त्याच्या कडेने पडलेली भेग तर सर्रास दिसते. काळजी करा ती उघड्या भेगेची, भेगेच्या दोन बाजू वरखाली झाल्या असतील तिची, आणि पूर्ण नव्याने मारलेल्या फिनिशची. पुन्हा फिनिश करताना टॉप घासून पातळ केलेला असू शकतो, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही.

मार्टिनचे अनुक्रमांक १८९८ पासून सलग आहेत आणि आत नेकच्या ठोकळ्यावर असतात, त्यामुळे वर्ष ठरवणं सोपं. गिब्सनच्या क्रमांकांत तशी शिस्त नाही. तिथे हेडस्टॉकवरचं नाव, ब्रिज, ब्रेसिंग अशा सगळ्या खुणा एकत्र जुळवाव्या लागतात. नेक आधीच नव्या कोनात बसवलेली गिटार ही जमेची बाजू धरा, मात्र कामाचा पुरावा मागा.

जुन्या धाटणीची नवी घेत असाल तर ओरखडे पाडून म्हातारी केलेल्या फिनिशवर जास्तीचा खर्च करण्यापेक्षा तीच रक्कम ॲडिरॉन्डॅक किंवा टॉरिफाइड टॉपकडे वळवा. ओरखडे वाजवता वाजवता आपोआप पडतात.

## टप्पा ८: घरी आल्यावरचे पहिले आठवडे

पहिले दोन आठवडे सेटअप करू नका. गिटारला खोलीच्या हवेची सवय होऊ द्या. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा. हवा फार कोरडी असेल तर केसमध्ये ओलावा देणारी नळी, फार दमट असेल तर सिलिका जेल.

मग सेटअप या क्रमाने: नव्या तारा, नेकचा बाक, नटच्या खाचा, सगळ्यात शेवटी सॅडल. सॅडल आधी घासलं आणि नंतर बाक सरळ केला तर तारा फ्रेटवर घासतात आणि सॅडल नवं करावं लागतं. सॅडल प्लास्टिकचं असेल तर हाडाचं बसवून घ्या. जुनं सॅडल फेकू नका; कोरड्या आणि दमट ऋतूंत टॉप वर-खाली होतो, तेव्हा वेगवेगळ्या उंचीची दोन सॅडल कामी येतात.

नायट्रो फिनिश असेल तर रबर किंवा व्हिनाइलची गादी असलेला स्टँड वापरू नका, त्याने लॅकर मऊ होऊन डाग पडतो. स्टँडच्या हातांना सुती कापड गुंडाळा. थंडीतून आणलेली केस लगेच उघडू नका, नाहीतर लॅकरला बारीक तडे जातात. केस बंद ठेवून दोन-तीन तास खोलीत राहू द्या.

पाचव्या टप्प्यातली सगळी मापं पहिल्याच दिवशी तारीख आणि आर्द्रतेसह एका कागदावर लिहून केसमध्ये ठेवा. तीन महिन्यांनी, साधारण त्याच आर्द्रतेत, पुन्हा मोजा. बाराव्या फ्रेटवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला असेल आणि तो नेकच्या बाकातून आलेला नसेल, तर तारा एक गेज हलक्या करा आणि वॉरंटीची मुदत चालू असतानाच कारागिराला दाखवा.